तळाशी कोणाला न्यायचं?

मिरकरवाड्याहून सुटलेली नौका तासन्‌तास पश्चिमेला चालत राहिली तरी तिच्याखालचं पाणी फारसं खोल होत नाही. रत्नागिरीसमोरची समुद्रबूड जमीन शंभरावर किलोमीटर पसरली आहे आणि तिच्या कडेशीही खोली दोनशे मीटरच्या आसपासच भरते. आपल्या किनाऱ्याला जो समुद्र ठाऊक आहे, तो एवढाच. पण तो चांगलाच ठाऊक आहे. कुठं चिखल, कुठं रेव, कुठल्या खडकात जाळं अडकून फाटतं, हे तांडेलाला पाठ असतं. पूर्वी दोर सोडून वावांत खोली मोजत. आता ध्वनीनं खोली मोजणाऱ्या यंत्राचा पडदा असतो. अशाच एका पडद्यावर कठीण तळाचा जाड, भडक पट्टा आणि चिखलाचा फिका, पातळ पट्टा दाखवत एका तांडेलानं मला सांगितलं होतं, की मासळी शोधायच्या आधी तळ वाचायचा असतो. खोल समुद्राच्या मोहिमांबद्दल वाचताना मला हे सारखं आठवतं.

त्या कडेपलीकडे उतार सुरू होतो आणि तळ हजारो मीटर खाली जातो. विजयदुर्गाच्या जवळजवळ सरळ पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे ४७५ किलोमीटरवर लक्ष्मी खोरं आहे. तिथं पाणी साडेतीन हजार मीटरांहून खोल. २०१५च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ या जहाजानं तिथला तळ वेधून गाळाचे लांबलचक गाभे वर काढले. त्या मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते धनंजय पांडे. गाभ्यांत सिंधू नदीनं वाहून आणलेली हिमालयाची माती निघाली. आणि त्या मातीत मध्येच शेकडो मीटर जाडीचा, सगळा उलथापालथ झालेला एक थर. सुमारे एक कोटी दहा लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्राखालचा उतार कोसळला, त्याचा हा मलबा. शास्त्रज्ञांनी या दरडीला ‘नटराज’ हे नाव दिलं आहे. जगात माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या दरडींत तिची गणना होते. दर पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की आपण दिवसभर बातम्या बघतो. या दरडीचं नावही आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलेलं असतं.

खोल पाणी दूर आहे म्हणून त्याचा आपल्याशी संबंध नाही असंही नाही. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्याचा जाड थर आहे. पावसाळी वाऱ्यांच्या दिवसांत खालचं पाणी वर येतं, समुद्रबूड जमिनीवर चढतं आणि मोसमाच्या अखेरीस किनाऱ्याजवळही तळाला प्राणवायू उरत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली हे जगापुढे मांडलं. पावसाळी मासेमारीबंदीनंतरचे पहिले महिने म्हणजे मच्छीमारांच्या वर्षभराच्या कमाईचा हंगाम, आणि नेमकं तेव्हाच हे पाणी किनाऱ्याशी आलेलं असतं. तळाची मासळी अशा पाण्यात टिकत नाही, जागा सोडते.

आता माणूस त्या खोलीत उतरायला निघाला आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेत ‘मत्स्य-६०००’ ही पाणबुडी घडते आहे. सहा हजार मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सहाशे किलोच्या वर भार येतो. नखाएवढ्या जागेवर सहा क्विंटल. तो पेलायला ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा गोल. आतला व्यास २.१ मीटर. त्यात तीन माणसं, बारा तासांचं काम आणि संकट आलंच तर शहाण्णव तासांची हवा. ऑगस्ट २०२५मध्ये तयारीचा भाग म्हणून राजू रमेश आणि निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग हे ‘नॉटील’ या फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिकमध्ये उतरले. रमेश ४,०२५ मीटरवर, सिंग ५,००२ मीटरवर.

माणूस कशाला पाठवायचा, हा प्रश्न रास्त आहे. यंत्रं स्वस्त पडतात, थकत नाहीत, गुदमरत नाहीत. शिवाय माणसाचा डोळा चुकतो. २३ जानेवारी १९६० रोजी जॅक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या पाणबुडीतून मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास अकरा हजार मीटरवर पोचले. वीसेक मिनिटं थांबले. गोल टेकताच गाळ उसळला आणि बाहेरचं दिसेनासं झालं. तरी पिकार यांनी तिथं चपटा मासा पाहिल्याचं सांगितलं. पुढे जीवशास्त्रज्ञांनी त्यावर शंका घेतली. एवढ्या खोलीत मासा जगू शकेल असं त्यांना वाटत नाही.

पण मला त्याहून जास्त बोलकी वाटते ती १९७७ची गालापागोसची मोहीम. अडीच हजार मीटरवर उष्ण पाण्याचे झरे शोधायला शास्त्रज्ञ ‘अॅल्विन’ पाणबुडीतून उतरले. झरे सापडलेच, पण त्यांच्याभोवती शिंपल्यांची आणि लांब नळकृमींची दाट वस्ती निघाली. सूर्यप्रकाशाशिवाय, गंधकयुक्त पाण्यावर वाढणाऱ्या जिवाणूंच्या आधारावर चाललेलं अख्खं जग. आणि त्या मोहिमेवर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. सगळे भूगर्भ आणि रसायन जाणणारे. नमुने टिकवायला पुरेसं रसायन नव्हतं म्हणून जहाजावरचा व्होडका वापरावा लागला. डोळे होते, पण त्या जीवांना ओळखणारा कुणी बरोबर नव्हता. यंत्र की माणूस यापेक्षा कोणता माणूस, हा प्रश्न मला मोठा वाटतो तो यामुळे.

भारत तळाशी कशासाठी जातो आहे, हे लपलेलं नाही. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजानं समुद्रतळावरून बहुधातू गोटे भारतासाठी पहिल्यांदा वर आणले: मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरचं क्षेत्र त्यांच्या शोधासाठी आपल्याकडे आहे. बटाट्याएवढा एक गोटा तयार व्हायला लाखो, कधी कोट्यवधी वर्षं लागतात. दहा लाख वर्षांत तो काही मिलिमीटरच वाढतो. मऊ चिखलाच्या मैदानात कठीण जागा तेवढी तीच, म्हणून स्पंज आणि इतर जीव त्यालाच धरून बसतात. जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९मध्ये पेरूजवळच्या खोल तळावर मुद्दाम नांगर फिरवून पाहिला. २६ वर्षांनी ते परत गेले तेव्हा नांगराचे चर तसेच होते आणि कित्येक जीव परतले नव्हते. गोव्याच्या संस्थेनंही १९९७मध्ये आपल्या क्षेत्रात असा प्रयोग केला होता, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. उपसण्याआधी तपासायची बुद्धी आपल्याकडे होती.

ती टिकेल का, याची मात्र काळजी वाटते, कारण उथळ पाण्यात आपण ती टिकवली नाही. ट्रॉलरांनी तळ खरवडला, पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उचलले. महाराष्ट्र सरकारचा पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश आला फेब्रुवारी २०१६मध्ये, पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडत राहिल्यानंतर. मासळी किती आहे हे कळायच्या आधी ती काढायची साधनं वाढत गेली. रत्नागिरीच्या किनाऱ्यानं हे स्वतः भोगलं आहे. खोल तळावर तीच चूक झाली तर ओरडायलाही तिथं कुणी नसेल.

‘मत्स्य-६०००’मध्ये तीन जागा आहेत. चालवणारा लागेलच. गोट्यांचा साठा मोजणाराही लागेल, हे मी नाकारत नाही. तिसरी जागा जीव ओळखणाऱ्याला मिळाली पाहिजे, आणि ती प्रत्येक फेरीला, जागा उरली तर या हिशेबानं नव्हे. ‘गवेषणी’नं गोटे आणले त्याच साली, १९८१मध्ये, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय सुरू झालं. तिथली मुलं गाळातले कृमी चाळतात, माशांच्या पोटातलं खाद्य तपासतात, कालवं वाढवतात. खोल समुद्रातले जीव त्यांच्या अभ्यासक्रमाच्या कडेला असतील, पण चिखलात काय राहतं हे बघायची नजर त्यांच्यापाशी तयार असते. त्या नजरेला पुढे शिष्यवृत्ती आणि जहाजावरची जागा मिळाली, तर पाच-सात वर्षांत इथला कुणीतरी त्या टायटॅनियमच्या गोलात बसू शकेल. समुद्रतळावरच्या खाणींचे आंतरराष्ट्रीय नियम जमैकातल्या किंग्स्टनला वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. ते ठरतील तेव्हा भारताच्या बाजूनं टेबलाशी बसणाऱ्यांत तो तळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एखादा जीवशास्त्रज्ञ असावा, एवढं तर आजच मागता येईल.