तबकडी, सुई आणि अपरिग्रह

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीपलीकडच्या भूमीवर वसाहती उभ्या राहू लागल्या, तेव्हा गिरगाव-दादर-लालबागच्या चाळींतून वाशी, नेरूळ, बेलापूर येथे बिऱ्हाड हलविणाऱ्या कित्येक कुटुंबांनी देव्हारा, ट्रंका आणि शिवणयंत्र यांच्याबरोबर एखादा फिएस्टा रेकॉर्डप्लेअर आणि जुन्या लुगड्यांत गुंडाळलेल्या तबकड्याही आणल्या. पुढे कॅसेट आली, सीडी आली, गाणे खिशातल्या फोनात जाऊन बसले, आणि तबकड्यांची रवानगी माळ्यावर झाली. आता त्या पुन्हा खाली उतरत आहेत. चोरबाजारातून जुने अँप्लिफायर घासाघीस करून आणणारी, बेल्ट आणि सुई यांच्या शोधात लॅमिंग्टन रोड पालथा घालणारी तरुण मंडळी आमच्या नेरुळातही आढळतात. तबकडीचा आवाज ऊबदार की सीडीचा स्वच्छ, या त्यांच्या नित्याच्या वादात मला फारसे स्वारस्य नाही. तो कानांचा आणि बराचसा खिशाचा प्रश्न आहे. माझ्या मते खरा प्रश्न धर्माचा आहे: या वस्तूंचा भोग आणि त्यांचा परिग्रह यांत भेद कोणता?

हा प्रश्न तबकडीच्या घडणीतच आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असे. ज्या किड्याच्या स्रावापासून बांगड्या घडतात आणि ज्याने पांडवांसाठी घर रचले गेले, तीच ही लाख. तिच्यात दगडाची वस्त्रगाळ पूड मुद्दाम मिसळलेली असे, ती अशासाठी की पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराची व्हावी. म्हणून एक बाजू, म्हणजे जेमतेम तीन मिनिटांचे गाणे, संपले की सुई बदलण्याची वहिवाट होती. सुई झिजे आणि तिच्या भाराखाली तबकडीही झिजे. १९४८ साली विनाइलची लाँग प्ले आली, हिऱ्याची सुई दीड-दोन ग्रॅमवर आली, झीज पुष्कळ कमी झाली. थांबली मात्र नाही. फितीचीही कैफियत तीच. टेपरेकॉर्डरचे हेड कापसाच्या बोळ्याने पुसले की बोळ्याला जी तांबूस पूड लागते, ती फितीवरच्या लोहभस्माचीच असते, आणि ज्या गाण्याने हे भस्म धारण केले होते त्याचा तेवढा अंश त्या बोळ्यावर येतो. शिवाय न वाजविता वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेल्या फितीत एका वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटते, त्यामुळे गायकाने स्वर लावण्यापूर्वीच त्या स्वराची पुसट चाहूल ऐकू येते. पूर्वसंस्काराचा याहून स्पष्ट दाखला मला कोठे आढळलेला नाही.

आपल्या दर्शनकारांनी ध्वनियंत्र पाहिले नव्हते, पण त्यांचा वाद याच वस्तूविषयी चालला असावा असे वाटते. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. ध्वनी त्याला केवळ प्रकट करतो, आणि ‘हा तोच गकार’ अशी आपल्याला पटणारी ओळख हे त्याचे प्रमाण. नैयायिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण, तो उत्पन्न होतो आणि नष्ट होतो, आणि लाटेमागून लाट उठावी तसा कानापर्यंत पोहोचतो. ‘तोच’ ही ओळख सजातीयाची आहे, विझवून पुन्हा पेटविलेल्या ज्योतीलाही आपण तीच म्हणतोच की. मीमांसकांचा सिद्धांत वर्णांविषयीचा, गाण्याविषयीचा नव्हे, हे मान्य करूनही मी आपला कौल नैयायिकांच्या पारड्यात टाकतो. तबकडीत गाणे नसते, खाच असते. गाणे प्रत्येक वेळी नव्याने जन्मते आणि त्या जन्माची किंमत खाच भरते.

जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ १९४६ साली मुंबईत निवर्तले. त्यांचा आवाज कोणत्याही तबकडीवर नाही. घराण्याची विद्या कोणी उचलून नेईल या धास्तीने त्यांनी मुद्रणास नकार दिला, असे सांगतात. त्यांच्याच शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, सुईसह, व्हॉयेजर यानांतून १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अवकाशात गेली, आणि त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला केसरबाई वारल्या. २०१२ साली व्हॉयेजर-१ ने सूर्याच्या प्रभावाची सीमा ओलांडली. त्या तबकडीला झिजविणारे तेथे कोणी नाही. नैयायिकाच्या हिशेबी ती आज गाणेही नाही, केवळ द्रव्य आहे. तरी तिला परिग्रह म्हणता येत नाही, कारण ती परत येण्याच्या आशेविना आपण हातावेगळी केली.

मग परिग्रह कोणता? सील न फोडलेली लाँग प्ले काचेच्या कपाटात उभी करून तिचा भाव दरवर्षी तपासणाऱ्याचा. पतंजलींनी पाच यमांच्या अखेरीस अपरिग्रह ठेवला. त्याचा अर्थ लावताना माणसे बहुधा वस्तूंची संख्या मोजतात. माझ्या मते एकाच तबकडीचा धनी परिग्रही असू शकतो आणि शेकडो तबकड्यांचा नसू शकतो, कारण जो वाजवितो तो दर खेपेस आपल्या मालमत्तेचा काही अंश कायमचा सोडतो, आणि हे सोडणे हीच त्याच्या ऐकण्याची अट असते. फोनातले गाणे हजारदा ऐकले तरी तसूभर कमी होत नाही, ही मोठी सोय आहे, मीही ती रोज वापरतो. पण तेथे ऐकणाऱ्याला काहीच सोडावे लागत नाही, म्हणून अर्धे ऐकून पुढच्या गाण्यावर उडी मारण्यात त्याला काही गैरही वाटत नाही. जुन्या यंत्रांची मातब्बरी मी एवढ्यापुरतीच मानतो. त्यांच्या लाकडी पेट्यांना हळदीकुंकू वाहणारी भक्ती मला हास्यास्पद वाटते.

खाडीच्या दमट हवेत तबकड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके धरतात, कॅसेटच्या खिडकीतून तेच फितीच्या कडेला दिसतात, आणि आमच्या बाजूच्या घरांतून दर पावसाळ्यात अशी कितीतरी गाणी भंगारात जातात. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर हा ऐवज असेल त्यांनी तो यंदा खाली काढावा, तबकड्या सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवाव्यात आणि वाजवाव्यात. मात्र लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, लाख त्यात विरघळते.