भोंग्याच्या टप्प्यातलं घर

करार संपायला दोन महिने उरले असताना घरमालकांचा फोन आला. मुलगा परदेशातून परत येतोय, त्याला घर लागेल, असं ते संकोचूनच म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण ऐरोलीतलं हे वैशालीचं तिसरं भाड्याचं घर, आणि तिन्ही वेळा मालकांची कारणं अशीच रास्त होती. आता पुन्हा डिपॉझिट, एजंटाला एक महिन्याचं भाडं, टेम्पो, पोलीस पडताळणी, गॅसचा पत्ता बदलणं, आणि दुसरीत गेलेल्या सईला समजावणं की खालच्या मैत्रिणी आता खाली नसतील.

त्या रात्री तिने नवऱ्याला, महेशला, सांगून टाकलं, "आता भाडं नाही. स्वतःचं घ्यायचं. माझ्या ऑफिससमोरच्या टॉवरमध्ये वन बीएचके आहे, नव्वद लाख. चालत पाच मिनिटं."

तिचा संताप खोटा नव्हता. आपल्याकडचा लिव्ह अँड लायसन्सचा करार ही फक्त राहायची परवानगी असते, भाडेकरूचा हक्क त्यातून मिळत नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने हा करार लेखी करून नोंदवणं सक्तीचं केलं, त्यामुळे डिपॉझिट बुडण्यासारख्या तंट्यात हातात कागद तरी असतो. पण मुदत संपली की दार बंद. लेकराची शाळा ज्या शहरात पंधरा वर्षांची असते, तिथे घराची हमी अकरा महिन्यांची असावी, हे मला कधीच पटलेलं नाही. पुष्कळ माणसं घर विकत घेतात ती भिंतींच्या हौसेने नव्हे. पुन्हा कुणी "खाली करा" म्हणू नये, एवढ्यासाठी घेतात.

महेश परळच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन होता. त्याने वही काढली. बँक ऐंशी टक्के देणार, म्हणजे बहात्तर लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साडेबासष्ट हजारांच्या घरात. उरलेले अठरा लाख आपले, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. त्यासाठी बँक कर्ज धरत नाही, ते रोखीनेच उभं करायचं. शिल्लक बारा लाख. बाकीचं वैशालीचे दागिने, महेशचा पीएफ आणि रुग्णालयाच्या पतपेढीचं कर्ज यांतून उभं करायचं. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले एक्कावन्न हजार नुसते व्याजाचे होते. पाच वर्षांत साडेसदतीस लाख भरले तरी मुद्दलातले जेमतेम साडेआठ लाख फिटणार होते. तसल्याच घराचं भाडं होतं सव्वीस हजार.

"भाडं वाया जातं," वैशाली म्हणाली.

"आणि व्याज?" महेशने विचारलं. ती गप्प राहिली, पण तिचं मन टॉवरमध्ये जाऊन बसलं होतं.

रविवारी दोघं लालबागला महेशच्या वडिलांकडे, नानांकडे, गेली. चाळीतली दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी. आई गेल्यापासून नाना तिथे एकटेच राहत होते आणि ऐरोलीला यायला तयार नव्हते. घराची बातमी ऐकून ते खूश होतील, अशी वैशालीची खात्री होती. भाड्याचं घर दर दोन-तीन वर्षांनी सोडावं लागतं, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नसे. त्यांच्या काळी भाड्याची पावती हातात असली की घर आपलं. १९४७च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १९४० सालच्या पातळीला गोठवली होती आणि भाडेकरूला काढणं मालकाला जवळजवळ अशक्य करून ठेवलं होतं. त्यामुळे इमारती मोडकळीला आल्या हेही खरंच, पण नानांच्या वडिलांनी पागडी देऊन घेतलेली खोली दोन पिढ्या टिकली.

"समोरच हापिस?" नानांनी विचारलं.

"हो नाना. पाच मिनिटं. तुम्ही गिरणीत जायचात ना, तसं."

नाना उठले. त्यांनी स्टोव्हवरचा चहा गाळला, तिघांना दिला आणि खिडकीशी बसले.

"ही खोली माझ्या बापाने घेतली ती भोंगा ऐकू येतो म्हणून. घड्याळ नव्हतं घरात. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की उठायचं, दुसऱ्याला घर सोडायचं. सारं गिरणगाव असं वसलं. जो तो भोंग्याच्या टप्प्यात. मी साचा खात्यात लागलो तेव्हा या मजल्यावरची सगळी कर्ती माणसं त्याच गिरणीत. पलीकडच्या खोलीत तात्या होता. माझ्याच खात्यात, माझ्याच पाळीला. तो पोटभाडेकरू. सहा जण एका खोलीत, पाळीपाळीने झोपायचे. लग्न झालं तेव्हा त्याने ठरवलं, स्वतःची खोली करायची. एक्क्याऐंशी साल. पागडी मोठी होती. थोडे पतपेढीतून काढले, थोडे सावकाराकडून, बायकोच्या पाटल्या मोडल्या. मी म्हटलं, तात्या, जरा लांब बघ, स्वस्त मिळेल. तो म्हणाला, गिरणी इथे आणि घर तिकडे, असं कोण करतं? बरोबरच होतं त्याचं. तेव्हा मलाही पटलं."

१८ जानेवारी १९८२ला कापड गिरण्यांतला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिना-दोन महिन्यांत मिटेल, असं साऱ्यांनाच वाटत होतं. तो मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीरही केलं नाही. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, काही पुढे कायमच्या बंद पडल्या.

"भोंगा वाजायचा थांबला," नाना म्हणाले, "तरी पहाटे जाग यायचीच. माझा पगार गेला, तात्याचाही गेला. गिरणी एक, खातं एक, चाळ एक. पण मला महिन्याला चिल्लर भाडं द्यायचं होतं आणि त्याला व्याज. महेशच्या आईने पोळ्या लाटायला घेतल्या, शेजारणींनी गिऱ्हाइकं आणून दिली. केईएमच्या बाजूला एका गोदामावर मला रखवालीचं काम मिळालं. घर तगलं. तात्याची बायको माझ्या बायकोपेक्षा जास्त राबायची. पण जे यायचं ते आधी सावकाराच्या दारात जायचं. दीड वर्षाने त्याने खोली सोडली, आली त्या किमतीला. पैसे घेतले, देणं फेडलं, गावाला गेला. बोरीच्या झाडाखालून माणूस उठून जातो तसा उठला नाही गं तो. मोडून गेला."

वैशालीने कप खाली ठेवला. "म्हणजे घर घेऊ नको म्हणता?"

"घे की. छप्पर होतं म्हणून तर आम्ही राहिलो. मी इतकंच विचारतो, तुझं हापिस उद्या उठून गेलं, तर त्या टॉवरात तू कशासाठी राहशील?"

"ऑफिस कुठे जातंय, नाना? एवढी मोठी कंपनी आहे."

"गिरणी काय लहान होती?"

परतताना करी रोडला स्लो लोकल पकडली. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने ऐरोली. वैशालीच्या मनात तो प्रश्न घोळत होता आणि तिला त्याचा रागही येत होता, कारण त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. टॉवरच्या आसपास होतं काय? ऑफिसं, ऑफिसवाल्यांसाठीची उपाहारगृहं आणि ठाणे-बेलापूर रस्ता. सईची शाळा दुसऱ्या टोकाला. स्टेशन लांब. महेश रोज परळला जातो, हे तर हिशेबात आलंच नव्हतं. "कामाजवळ घर" असं ती महिनाभर म्हणत होती, तेव्हा काम म्हणजे तिचं एकटीचं होतं. घरात दोन पगार असले की जवळ कुणाला आणि लांब कुणाला, हे आधी बोलायला हवं. या मुद्द्यावर नवरा-बायको सहसा बोलत नाहीत, आणि लांबचा प्रवास ज्याच्या वाट्याला येतो तो मुकाट्याने वर्षानुवर्षं लोकलच्या दारात उभा राहतो. महेश तसाच उभा राहिला असता.

दुसरी गोष्ट तिला आणखी खोल लागली. पगार ज्या कंपनीचा, हप्ता त्याच पगारातून, आणि घराला गिऱ्हाईकही त्याच कंपन्यांमुळे. उद्या तिथली ऑफिसं हलली तर नोकरी जाईल त्याच महिन्यात घराची किंमतही पडेल. तात्याने पोट आणि छप्पर एकाच खिळ्याला टांगलं होतं. तीही तेच करायला निघाली होती.

त्यांनी टॉवरचं टोकन दिलं नाही. शाळेजवळ भाड्याचं घर शोधलं, अठ्ठावीस हजारांचं, आणि या वेळी करार अकरा महिन्यांचा न करता मालकाशी बोलून तीन वर्षांचा केला, मुदत कशी मोडता येईल याचं कलम नीट वाचून. हे कुणी करू देत नाही, असं एजंट म्हणाला होता. घरमालक दुसऱ्या वाक्याला तयार झाला, त्यालाही दर वर्षी नवा माणूस नको होता. टॉवरच्या हप्त्यात आणि भाड्यात जो फरक पडला असता, तो दर महिन्याच्या एक तारखेला वेगळ्या खात्यात जायचा. "भाड्याने राहून पैसे साठतात" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते साठवायचे असतील तरच साठतात. वैशालीने ते खातं कधी मोडलं नाही.

या काळात तिला ऐरोली पहिल्यांदाच नीट दिसली. आधीची घरं ऑफिसवरून ठरली होती, म्हणून ती ऑफिसच्या रस्त्यापलीकडे कुठे गेलीच नव्हती. आता सईची नृत्याची बाई, मंडईतला भाजीवाला, तापाला औषध देणारे डॉक्टर, संध्याकाळी वॉर्डातल्या बागेत बसणाऱ्या बायका अशी ओळख वाढत गेली. एकदा महेशला रात्रपाळी असताना तिलाच ताप भरला, तर खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकू सईला आपल्या घरी झोपवायला घेऊन गेल्या. नानांच्या प्रश्नाला उत्तर मिळायला लागलं होतं. ऑफिस गेलं तरी ती इथे राहणार होती.

अडीच वर्षांनी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या तीन मजली इमारतीत घर विकाऊ निघालं. साठ लाख. लिफ्ट नव्हती, स्वयंपाकघर अंधारं होतं. नाना पाहायला आले. जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आणि हस्तांतराला सिडकोची परवानगी लागते, हे कळल्यावर नानांना फार आश्चर्य वाटलं. मालकीच्या घराखालची जमीनसुद्धा भाड्याची! जिना चढताना ते दोनदा थांबले, मग गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी पाहून आले, शेजाऱ्यांचं दार वाजवून पावसाळ्यात भिंत ओलसर होते का ते विचारून आले. ओल येत होती. त्याचे दोन लाख किमतीतून कमी करून घेतले.

घर वैशालीच्या एकटीच्या नावावर केलं, कारण महाराष्ट्रात बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी बसतं. कर्जाला दोघं सहअर्जदार. कर्ज चाळीस लाखांहून पै जास्त घ्यायचं नाही, असं महेशने ठरवलं होतं. हप्ता पावणेपस्तीस हजारांच्या आत आला. तो एकट्या महेशच्या पगारातून भरता येईल, हे त्यांनी बँकेत जायच्या आधी घरी करून पाहिलं होतं. सलग तीन महिने वैशालीच्या पगाराला हात न लावता घर चालवलं. ते तीन महिने सोपे गेले नाहीत. सईची सहल रद्द झाली.

राहायला गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी वैशालीच्या कंपनीने तिचं काम पुण्याच्या कार्यालयाला जोडलं. हिंजवडीला या, नाहीतर तीन महिन्यांचा पगार घ्या. तिच्या टीममधल्या दोघांनी त्याच टॉवरमध्ये घरं घेतली होती. एकाने बायको-मुलांना तिथे ठेवून पुण्यात खोली घेतली. दुसरा गिऱ्हाईक शोधत होता. वैशालीने तीन महिन्यांचा पगार घेतला आणि नानांना फोन केला.

"हप्ता?" त्यांनी विचारलं.

"महेशच्या पगारात बसतो."

"सईची शाळा?"

"तीच आहे."

"महेशला गाडीला उशीर?"

"नाही हो. स्टेशन दहा मिनिटांवर."

"मग तू घाई करू नकोस. मिळेल ते पहिलं काम धरू नकोस. मला धरावं लागलं होतं."

पाच महिने ती घरी होती. चौथ्या महिन्यात आलेली एक नोकरी तिने नाकारली, पगार निम्मा होता. पाचव्या महिन्यात पवईच्या एका कंपनीत तिला मनासारखं काम मिळालं. आता ती साडेसातला निघते, ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला जाते आणि तिथून पवई. परतीला पावसाळ्यात दीड तास मोडतो आणि त्या दिवशी ती चिडलेलीच घरी येते. नव्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, पवईत घर का नाही बघत? तिने भाव विचारून घेतले. जास्तच वेळ जायला लागला तर आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची परवानगी मागायची, तीही मिळाली नाही तर ऐरोलीचं घर भाड्याने देऊन एखादं वर्ष पवईत भाड्याने राहून पाहायचं, असं दोघांचं बोलणं झालं आहे. तसं झालंच तर आपल्या भाडेकरूला किमान तीन वर्षांचा करार द्यायचा, हे वैशालीने आत्ताच ठरवून टाकलंय.