कट-ऑफ नसलेला प्रवेश

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घराला प्रवेशप्रक्रिया म्हणजे काय ते एकदा दहावीनंतर आणि एकदा बारावीनंतर कळतं, आणि मग ते ज्ञान जन्मभर पुरतं असं ते घर धरून चालतं. सीईटीचा पर्सेंटाइल, गेल्या वर्षीचे कट-ऑफ, पसंतीक्रमाचा अर्ज, कॅपच्या फेऱ्या, मिळालेली जागा फ्रीझ करायची की बेटरमेंटसाठी थांबायचं यावर रात्री उशिरापर्यंत चाललेला खल. या पद्धतीला नावं ठेवायला भरपूर जागा आहे, पण एक काम ती चोख करते. निर्णयाचं ओझं ती घराच्या डोक्यावरून जवळजवळ उतरवून ठेवते. सीओईपी वर, व्हीजेटीआय वर, त्याखाली अमुक, त्याखाली तमुक, हे सगळ्यांना पाठ. खासगी महाविद्यालयाचं शुल्कही नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेलं. वरचं मिळालं की वरचं घ्यायचं, संपलं. चार वर्षांनी तीच मुलं अमेरिकेतल्या एमएससाठी अर्ज करतात, मार्चमध्ये तीन-चार विद्यापीठांची पत्रं येतात आणि घर जुन्या सवयीने विचारतं, ‘यातलं वरचं कुठलं?’ माझ्या मते गफलत इथेच सुरू होते. परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाला कट-ऑफ नसतो, सामायिक यादी नसते, शुल्कावर नियामकही नसतो. हातात पडतो तो एक करार. त्यातली जोखीम कोणाच्या अंगावर येते, ती किती वर्षं राहते आणि घराला ती पेलते का, या तीन गोष्टींवर निवड व्हायला हवी. क्रमवारीतून यातलं एकही कळत नाही.

मुळात ‘अमेरिकेत प्रवेश मिळाला’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. विज्ञान-अभियांत्रिकीतल्या पीएचडीचं पत्र आलं तर त्यात बहुधा शिक्षणशुल्क माफ असतं आणि वर शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन असतं. तिथे विद्यापीठ विद्यार्थ्यावर पैसे लावतं, म्हणून निवडताना हात आखडता घेतं. एमएसचं बहुतेक वेळा उलट असतं. पैसे विद्यार्थ्याचे, आणि ते विद्यापीठाच्या उत्पन्नात मोजले जातात. २०२३-२४ साली अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, त्यांतले जवळजवळ दोन लाख पदव्युत्तर अभ्यासक्रमांत. ही संख्या आपल्या हुशारीची पावती आहेच, पण तिकडच्या विभागांच्या अंदाजपत्रकातली जमेची बाजूही आहे. हा फरक तारखांतसुद्धा दिसतो. तिथल्या पदव्युत्तर विद्यापीठांच्या परिषदेचा एक जुना ठराव आहे: आर्थिक साहाय्याचा देकार १५ एप्रिलच्या आधी स्वीकारायचं बंधन विद्यार्थ्यावर घालायचं नाही. ठरावावर सही करणाऱ्या विद्यापीठांत पीएचडीवाल्याला तोवर सगळी पत्रं शेजारी ठेवून विचार करता येतो. स्वखर्चाने एमएस करणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही, कारण त्याला साहाय्याचा देकारच मिळालेला नसतो. त्याच्यासाठी असते ती अनामत रक्कम आणि ती भरायची मुदत. बाकीच्या विद्यापीठांचे निकाल लागायच्या आतच ही मुदत संपत असेल, तर घाई कोणाच्या सोयीची आहे ते उघड आहे. अशा वेळी मुदतवाढ मागणारी चार ओळींची ईमेल पाठवायला काही लागत नाही, आणि ती अनेकदा मिळते. आपली मुलं ती मागत नाहीत. कॅपमध्ये मुदतवाढ मागायची सोय कुठे असते?

करार वाचायचा म्हणजे नेमकं काय वाचायचं? विद्यापीठाकडून येणारा आय-ट्वेंटी हा कागद घ्या. व्हिसासाठी लागतो म्हणून तो आला की घरात पेढे वाटले जातात, पण त्यावरचा खर्चाचा चौकोन फार थोडे लोक नीट वाचतात. डावीकडे अंदाजे खर्च: शिक्षणशुल्क, राहण्याचा खर्च, सोबत येणाऱ्यांचा खर्च, इतर. उजवीकडे तो भागवणारे पैसे कुठून येणार ते. आणि दोन्हींच्या डोक्यावर महिन्यांचा आकडा असतो, पुष्कळदा ९. म्हणजे तो आकडा पदवीचा नाही, एका शैक्षणिक वर्षाचा आहे. उन्हाळ्याचे तीन महिने त्यात नाहीत, घरभाडं मात्र बारा महिने चालू असतं. दुसऱ्या वर्षीची शुल्कवाढही त्यात नाही. कर्जाचा अर्ज याच आकड्यावर बेतला की दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर वडिलांना भविष्यनिर्वाह निधीकडे वळावं लागतं. दोन विद्यापीठांची तुलना करायची असेल तर दोन्ही आय-ट्वेंटींवरून अख्ख्या अभ्यासक्रमाचा खर्च स्वतः मांडावा लागतो, आणि मग दिसतं की वरच्या क्रमांकाचं विद्यापीठ आणि त्याखालचं यांत पंधरा-वीस लाखांचं अंतर पडू शकतं.

त्या पंधरा-वीस लाखांचं वजन पगार कुठल्या चलनात येणार यावर ठरतं. ४० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षांची परतफेड धरली तर महिन्याचा हप्ता साधारण ५३ हजार. शिक्षण चालू असताना साठलेलं व्याज मुद्दलात मिळून रक्कम ४८ लाखांवर गेली, तर हप्ता ६३ हजारांच्या पुढे. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर हे झाले सातशे डॉलर. तिथे अभियंत्याची नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. तोच मुलगा पुण्याला परतला आणि सुरुवातीचा पगार वर्षाला आठ लाख असला, तर हातात येणारा अख्खा पगार हप्त्यातच जातो. म्हणजे एकच कर्ज एका ठिकाणी सहज फिटतं आणि दुसऱ्या ठिकाणी फिटतच नाही. आपण कुठल्या ठिकाणी असू हे विद्यापीठाच्या क्रमांकावरून ठरत नाही. पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याच्या परवानगीचं, एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञानाची शाखा असेल तर आणखी २४ महिने, आणि त्या काळात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. तिथे वर्षाला ६५ हजार व्हिसा, आणि अमेरिकेतली मास्टर्स पदवी असणाऱ्यांसाठी वेगळे २० हजार. २०२४ च्या मार्चमध्ये या सोडतीसाठी पावणेपाच लाखांच्या आसपास नोंदण्या झाल्या. त्या वेगळ्या वीस हजारांची अट मजेशीर आहे: विद्यापीठ मान्यताप्राप्त हवं आणि सार्वजनिक किंवा ना-नफा तत्त्वावर चालणारं हवं. पहिल्या दहातलं की दोनशेतलं, हे तिथे कोणी विचारत नाही.

त्यातून नियम स्थिर असतील तर गणित तरी नीट मांडता येईल. २०२५ हे साल या बाबतीत डोळे उघडणारं होतं. मार्चमध्ये संशोधननिधीला कात्री लागल्यावर काही अमेरिकी संस्थांनी पीएचडीचे दिलेले देकार मागे घेतले. म्हणजे ज्यात विद्यापीठ स्वतः पैसे लावतं ते पत्रही तितकं भक्कम उरलं नाही. मेच्या अखेरीला विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबलं. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झालं, पण समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याच्या अटीसह. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होणाऱ्या, अनामत भरून बसलेल्या मुलांची त्या तीन आठवड्यांत काय घालमेल झाली असेल! सप्टेंबरमध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यांना ते लागू नाही, हा खुलासा आला महिनाभराने. अमेरिकाच लहरी आहे असंही नाही. कॅनडाने २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, ब्रिटनने त्याच महिन्यापासून बहुतेक मास्टर्स विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्यास मनाई केली. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शुल्क नाही म्हणून तिकडे रांग लागली, तर म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०२४ पासून शुल्क लावलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यापुढची तीन वर्षं, अशा पाच वर्षांवर पैज लावताना आजचे नियम पाच वर्षं टिकतील असं धरणं धाडसाचंच.

इथे हमखास एक साक्षीदार पुढे येतो: २०१२ साली गेलेला नात्यातला कोणीतरी. तो आता सिएटलला असतो, त्याचं घर असतं, तो म्हणतो, ‘काही होत नाही, या बिनधास्त.’ त्याचं खरं आहे, पण ते त्याच्या वेळचं खरं आहे. तेव्हा डॉलर पन्नास-पंचावन्न रुपयांना मिळत होता आणि सोडतीत एवढी गर्दी नव्हती. शिवाय जे परत आले आणि ज्यांनी फ्लॅट विकून कर्ज फेडलं, ते दिवाळीच्या फराळाला ही गोष्ट सांगत नाहीत. त्यापेक्षा गेल्या वर्षी त्याच विभागातून बाहेर पडलेल्या तिघाचौघांना गाठून विचारावं: नोकरी किती महिन्यांनी लागली, विभागाची त्यात मदत किती झाली, वर्गातल्या किती जणांना अजून लागलेली नाही. तिसऱ्या प्रश्नाला जे उत्तर द्यायचं टाळतात, त्यांच्याकडूनही बरंच कळतं. सल्लागार संस्थेचा सल्ला फुकट असेल तर तिचे पैसे कुठून येतात याची चौकशी करणंही उद्धटपणाचं नाही. विद्यापीठांकडून दर विद्यार्थ्यामागे दलाली मिळणं या धंद्यात सर्रास चालतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो नावाचा. मोठ्या विद्यापीठाचं नाव जन्मभर सोबत राहतं, ते पैशांत कसं मोजणार? नावाला किंमत आहे, यात वाद नाही. खर्च साधारण सारखा असेल तर नाव जरूर घ्यावं. पण नाव अख्ख्या विद्यापीठाचं असतं आणि शिक्षण एका विभागात होतं. क्रमवारीत नावाजलेल्या विद्यापीठात एखादा विभाग सुमार असतो, आणि फारसं नाव नसलेल्या राज्य विद्यापीठात सेमीकंडक्टर किंवा पेट्रोलियमचा विभाग असा असतो की कंपन्या दारात येऊन मुलं निवडतात. पीएचडीत तर मार्गदर्शक सगळ्यात आधी बघायचा; पाच-सहा वर्षं त्याच्याशी गाठ असते.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे. असा हिशेब करत बसलं असतं तर कोणी गेलंच नसतं. शिक्षणासाठी समुद्र ओलांडणारे हिशेबी नव्हते, धाडसी होते. इथे बाबासाहेब आंबेडकरांचं नाव घेतलं जातं, म्हणून त्यांचाच प्रवास जरा बारकाईने पाहावा. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांची मुदत, आणि बदल्यात बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार. १९१६ साली ते लंडनला गेले, स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं, पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. निघताना त्यांनी एक गोष्ट केली: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, काटकसरीने साठवलेले पैसे, त्यात मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांचं साहाय्य, आणि १९२० साली पुन्हा लंडन. डीएससी १९२३ ची. या सगळ्यात धाडस आहे तसा हिशेबही पानोपानी आहे. पैसे कोणाचे, मुदत किती, मध्येच तुटलं तर परतीची वाट कुठली, हे त्यांनी पाहिलं होतं. ज्याच्यामागे घरचा पैसा नसतो त्याला ते पाहावंच लागतं.

यातूनच तिसरा आक्षेप निघतो, आणि त्यात बरंच तथ्य आहे. जोखीम पेलेल तेवढंच करा, हा सल्ला शेवटी पैसेवाल्यांच्या सोयीचा नाही का? ज्यांच्याकडे तारण ठेवायला कोथरूडचा फ्लॅट आहे ते चुकले तरी सावरतील. ज्यांच्याकडे काही नाही त्यांनी घरीच बसायचं? नाही; पण त्यांनी देकाराच्या पत्रात साहाय्याच्या ओळीला सर्वांत जास्त वजन द्यावं, आणि तारणाविना मिळणाऱ्या महाग कर्जाला सर्वांत कमी. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती यांच्या जागा मोजक्या आहेत, हे दुखणं खरं. गंमत अशी की शाहू शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. त्या विद्यार्थ्याला क्रमवारी बघावीच लागते, कारण त्याच्यासाठी तीच पैशांची अट आहे. माझ्या म्हणण्याला हा अपवाद वाटेल. मला तो पुरावा वाटतो, कारण तिथेही प्रश्न ‘वरचं कुठलं’ हा नसून ‘पैसे कोण देणार’ हाच आहे.

निर्णय झाल्यावरची तयारी ही त्याच हिशेबाची पुढची पानं असतात. घरात मात्र तयारी म्हणजे तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. कुकर बसतो का, मेतकूट किती, भाजणी कशात बांधायची. ते होऊ द्यावं, आईला तेवढाच आधार. पण भाडेकरार त्याहून जड असतो. जूनमध्ये, व्हिसा हातात नसताना, चार अनोळखी मुलं मिळून बारा महिन्यांचा करार करतात. अशा सामायिक करारात बहुधा प्रत्येक जण पूर्ण भाड्याला बांधील असतो. एकाचा व्हिसा नाकारला गेला तर त्याचा वाटा उरलेल्या तिघांवर येतो. म्हणून आधी व्हिसा, मग सही, आणि तोवर एखाद-दोन महिन्यांची तात्पुरती सोय. दातांची कामं निघण्याआधी उरकावीत, कारण विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्यात दात बहुधा नसतात. लसीकरणाच्या नोंदी, गुणपत्रकांच्या मोहोरबंद प्रती, आणि बँकेच्या व कराच्या कामांसाठी आई किंवा वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र. हे पत्र इथे नोटरीकडे एका दुपारी होतं, तिथून करायचं म्हटलं की वकिलातीच्या चकरा. आणि सहकर्जदार म्हणून ज्यांची सही आहे ते वडील कधी निवृत्त होतात, ती तारीख हप्त्यांच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवावी. मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर कर्जाएवढा मुदतीचा विमाही काढायला हवा. हा विषय घरात कोणालाच काढवत नाही. शेवटी तो बँकच काढते, आणि हप्ता कर्जातच धरून स्वतःच्या कंपनीची पॉलिसी पुढे सरकवते. ती घेण्याआधी बाहेरच्या दोन कंपन्यांचे दर विचारावेत.