आजचं चिंतन : देव खातो!



आज गीतेच्या नवव्या अध्यायातला २६ वा श्लोक. पान, फूल, फळ, पाणी, यातलं काहीही कुणी भक्तीने दिलं तर मी ते खातो, असं भगवंत सांगतात. शब्द नीट बघा. "खातो" म्हटलंय, नुसतं "घेतो" नाही. ज्ञानेश्वर माऊलींनीही हीच गंमत टिपलीय. फूल खरं तर हुंगायचं, पण भक्ताचं म्हटल्यावर देव तेही तोंडातच घालतो!

आमच्या घरामागे दोन खाटांएवढी जागा आहे. तुळस, पुदिना, पानओवा, गवती चहा, कढीपत्ता आणि कागदी लिंबाचं एक झाड. पुदिना बाजारातल्या जुडीच्या काड्या खोचून झाला, पानओवा शेजारच्या काकूंनी दिलेल्या फांदीचा, गवती चहा एका ठोंबाचा. माती, ऊन, पाऊस तर त्याचंच. मग आपण देतो काय? श्लोकात भक्ती दोनदा आलीय, ती उगाच नाही. पान त्याचं, भक्ती तेवढी आपली.

इथवर सोपं आहे हो. पुढे अडतं.

सासूबाईंना गेली दोन वर्षं विस्मरणाचा आजार आहे. मला कधी ताई म्हणतात, कधी "तुम्ही कुठल्या?" विचारतात. पण सकाळी उठून परसात जातात आणि ओंजळभर काहीबाही तोडून देवापुढे ठेवतात. मंजिऱ्या खुडतात ते बरंच, त्याने तुळस डेरेदार होते. पुदिना मात्र मुळासकट येतो. आणि लिंबं! फुलापासून लिंबू पिवळं व्हायला पाचसहा महिने लागतात, या गोटीएवढी असतानाच तोडतात. यंदा एकही पिकलं नाही. ह्यांचं म्हणणं, झाडाला जाळी लावू. डॉक्टर म्हणाले, हातांना काम आहे ते राहू द्या.

श्लोकाच्या शेवटी देणाऱ्याबद्दलही एक शब्द आहे, मन आवरलेला, शुद्ध मनाचा. ज्यांना कुणाला देतोय हेच आठवत नाही, त्यांचं देणं भक्तीत धरायचं की नुसत्या हाताच्या सवयीत? बरेच दिवस मी यावर अडून होते. माझ्यापुरतं सांगते, लग्न होऊन या घरात आल्यापासून ज्या हातांनी रोज फुलं वाहिली, त्यांची सवय मला वेगळी काढता येत नाही. आणि शुद्ध म्हणाल, तर माझ्या नमस्कारात चार मागण्या असतातच, मुलाची नोकरी, ह्यांचा गुडघा. त्यांना मागायचंही आठवत नाही. अरणच्या सावता महाराजांना मळाच पंढरी झाला. आमच्याकडे परस ते देवघर, बारा पावलांची वारी.

जाळी लावली नाही. खालच्या फांद्या सासूबाईंच्या, वरच्या लोणच्याच्या. पुदिन्याची एक कुंडी उंच टांगलीय. नैवेद्याची ती हिरवी लिंबं मी मिठात घालून ठेवते. कडू लागतात. देवाने कशी खाल्ली असतील कोण जाणे.

उद्या २७ वा श्लोक घेऊ. रामकृष्णहरी.