तड्याचे टोक

मोडलेली वस्तू दुरुस्त झाली, असे आपण केव्हा म्हणतो? ती पूर्वीसारखी दिसू लागते तेव्हा, की आपले काम पुन्हा करू लागते तेव्हा? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु वस्तूच्या जागी माणसे ठेवून पाहिली, की उत्तर देताना जीभ अडखळते. आम्हांला हे उत्तर एका जुन्या झांजेने शिकवले, आणि तेही आमच्या हातून तिची हानी झाल्यानंतर.

आमच्या धर्मग्रामातील एक वादक तरुणपणी मुंबईतील हॉटेलांच्या बँडमध्ये ड्रम वाजवीत असत. त्यांच्या निधनानंतर घरच्यांनी त्यांची मोठी झांज गायकवृंदाला दिली. रंग काळपट, कडेला दोन बोटे लांबीचा तडा. सण तोंडावर आला होता. आम्ही तडा वेल्डिंगने सांधून घेतला आणि झांज चकाकेपर्यंत घासूनही घेतली. ती नव्यासारखी दिसू लागली. सणाच्या मिस्सात तिच्यावर पहिला आघात झाला, आणि ताटावर पळी आपटावी तसा आवाज आला.

पुढे एका जाणत्या वृद्ध वादकाने ती झांज उजेडात तिरपी धरली. मधल्या उंचवट्याजवळचा पुसट ठसा बोटाने चाचपला आणि ते म्हणाले, “फादर, ही इस्तंबूलची आहे. हिला कोणी घासली?” आम्ही गप्प राहिलो.

त्यांच्याकडून व नंतरच्या वाचनातून जे कळले ते थोडक्यात असे. आवेदिस या आर्मेनियन किमयागाराला सोन्याच्या शोधात असताना १६१८ मध्ये झांजेसाठी उत्तम असा मिश्रधातू गवसला, असे त्या घराण्याची परंपरा सांगते. ‘झिल्जियन’ या घराण्याच्या नावाचा अर्थच झांजकाराचा पुत्र. १९२९ मध्ये घराण्याच्या एका शाखेने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे कारखाना काढला. परंतु इस्तंबूलमध्ये ‘के’ या अक्षराच्या ठशाच्या झांजा त्यानंतरही कित्येक वर्षे हाताने ठोकून घडत राहिल्या. जुनी झांज ओळखायची ती ठशाच्या घडणीवरून, हातोडीच्या अनियमित खुणांवरून, कातकामाच्या वर्तुळरेषांवरून आणि वजनावरून. ठसा खोटाही मारता येतो. म्हणून अखेरची साक्ष कानाची. पितळेची झांज चटकन गप्प होते. काशाची झांज मात्र बराच वेळ बोलत राहते.

या काशात सुमारे ८० भाग तांबे आणि २० भाग कथील असते. आपल्याकडील टाळांचे कासेही याच कुळातले. या धातूचा स्वभाव मोठा विलक्षण. पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवले तर कठीण व ठिसूळ होते. हे कासे मात्र तसे केल्याने लवचीक होते, आणि तापून सावकाश निवले तर ठिसूळ बनते. वेल्डिंगच्या ज्योतीने आम्ही नेमके तेच केले होते. सांधलेल्या रेषेभोवतीची धातू जळली आणि इस्तंबूलच्या कारागिराने हातोडीने भरलेले बळ तेथून निघून गेले. घासण्याने तर झांजेची ओळखच पुसट केली.

“मग उपाय?” आम्ही विचारले.

“तडा जोडायचा नसतो, फादर. थांबवायचा असतो.”

त्यांनी भिंग घेतले. तडा जिथे संपलेला दिसतो तिथे तो संपलेला नसतो; त्याचे खरे टोक थोडे पुढे, डोळ्यांना न दिसणारे असते. ते शोधून त्याच्या किंचित पुढे गोल भोक पाडतात. प्रत्येक आघाताचा ताण तड्याच्या अणकुचीदार टोकावर एकवटतो आणि तडा पुढे धावतो; भोकाच्या गोलाईवर तोच ताण पसरतो आणि तडा थांबतो. कधी तड्याभोवतीचा भागच कापून काढावा लागतो. आमच्या झांजेचा जळलेला भाग त्यांनी चंद्रकोरीसारखा कापला, कानस लावली, कडा बोटाला टोचेनाशी होईपर्यंत गुळगुळीत केली. झांज वाजली. स्वर पूर्वीचा नव्हता, थोडा उणा, थोडा कोरडा होता. पण तो झांजेचा होता.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कारण त्याच सणाला आम्ही आणखी एक ‘दुरुस्ती’ केली होती. विहिरीशेजारच्या वाडीवरून वैर धरलेल्या दोन भावांना आम्ही वेदीसमोर उभे करून हस्तांदोलन करायला लावले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहा महिन्यांत प्रकरण न्यायालयात गेले. (हे आम्ही दोघांच्या संमतीने लिहीत आहो.) आम्ही तेथेही वरून ज्योत लावली होती आणि चकाकी आणली होती. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना प्रेमाविना केलेल्या वाचाळतेला झणझणणाऱ्या झांजेची उपमा दिली आहे. आमचे त्या दिवशीचे प्रवचन त्याच जातीचे होते, असे आज वाटते.

पुढे आम्ही दोघांकडे वेगवेगळे गेलो आणि प्रथमच केवळ ऐकून घेतले. तडा विहिरीपाशी संपत नव्हता. वडिलांच्या अखेरच्या आजारात थोरल्याने एका कागदावर त्यांचा अंगठा घेतला होता. धाकट्याला ते ठाऊक होते, आणि त्याला ठाऊक असल्याचे थोरल्यालाही ठाऊक होते; उच्चार मात्र कोणीच करीत नव्हते. तो उच्चार व्हायला वर्ष लागले. थोरल्याने वाडीचा अर्धा भाग लिहून दिला. धाकट्याने दावा मागे घेतला आणि गेल्या वर्षांच्या उत्पन्नावर पाणी सोडले. दोघांनीही काही गमावले. चुली वेगळ्याच राहिल्या. पण गेल्या वर्षी धाकट्याच्या मुलीच्या लग्नात थोरला मांडवात सकाळपासून राबत होता.

कोणी म्हणेल, क्षमा म्हणजे संपूर्ण विस्मरण. खूण उरली तर क्षमा कसली? आम्हीही वर्षानुवर्षे असेच सांगत आलो. परंतु मार खाणाऱ्या पत्नीला ‘झाले गेले विसर’ म्हणून घरी धाडणे ही क्षमा नव्हे. धावता तडा झाकून झांज पुन्हा बडवण्यासारखे ते आहे. पुनरुत्थित प्रभूनेही आपल्या जखमांच्या खुणा थोमापासून लपवल्या नाहीत. खूण उरणे हा क्षमेचा दोष नाही. तड्याचे खरे टोक शोधण्याचे धैर्य आणि तेथे स्वतःचे काही कापून देण्याची तयारी, ही क्षमेची किंमत आहे. ती न देता जे मिळते त्याला आम्ही शांती म्हणत होतो. ती केवळ चकाकी होती.

ती झांज आजही आमच्या गायकवृंदात आहे. नवी मुले तिची कापलेली कड पाहून विचारतात, “फादर, नवीन का घेत नाही?” आम्ही त्यांना ती वाजवायला सांगतो. आणि घासू मात्र देत नाही.