घरातले धान्य आणि एकादशीचे ताट



गळ्यात माळ पडली की काय खायचे नाही हे त्याच दिवशी ठरून जाते. त्याविषयी आपल्या सांप्रदायिक मंडळींत वाद नाही आणि नसावाही. परंतु काय खायचे, हा प्रश्न मात्र आपण वाण्यावर, गिरणीवाल्यावर आणि मुलांच्या हट्टावर सोडून मोकळे झालो आहोत. मद्यमांस वर्ज्य केले म्हणजे आहार आपोआप सात्त्विक झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. तेवढ्याने भागत नाही, हे आज आम्हांस वाचकांपुढे मांडायचे आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले आणि माउलींनी ज्ञानेश्वरीत त्यांचा विस्तार केला. तेथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भगवंतांनी गव्हाचे, तांदळाचे वा ज्वारीचे नावच घेतले नाही. अन्नाची परीक्षा त्यांनी खाणाऱ्यावरून सांगितली. आयुष्य वाढते का, बळ येते का, आरोग्य टिकते का, मन संतुष्ट होते का, हे पाहा म्हणाले. शिळे आणि रस गेलेले अन्न त्यांनी तामसात घातले. आता हे माप घेऊन आपापल्या स्वयंपाकघरात जरा डोकावून पाहू.

देशावर बारा महिने ज्वारी, थंडीत बाजरी, मावळात नि कोकणात नाचणी, वरी, तांदूळ, आणि खानदेशात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, असे आपले जुने खाणे. पोळी सणावारी. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षी परदेशची लाल मिलो आणि सरकारी सुकडी यांवर लोकांनी दिवस काढले. कालव्यांचे पाणी वाढले, रेशनचा गहू-तांदूळ गावोगाव पोचला, आणि पोळी-भात रोजचा झाला. गव्हाला आम्ही दोष देत नाही. उपाशी माणसाला ज्याने जगवले त्या धान्याला नावे ठेवणे हे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याबरोबर घरात एक खोटी लाजही शिरली. पाहुण्यांपुढे भाकरी कशी वाढायची, असे बायामाणसे म्हणू लागली. अहो, ज्या मंगळवेढ्यात दुष्काळात उपाशी जीवांसाठी दामाजीपंतांनी बादशहाचे कोठार खुले केले असे परंपरा सांगते, ते मंगळवेढे ज्वारीचेच आगर! तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रसंघाने भरड धान्यांचे म्हणून जगभर पाळले. आता शहरातल्या दुकानांत तीच ज्वारी सुंदर पिशवीत घालून महाग विकतात आणि आपण खेड्यातली मंडळी तिची लाज धरतो, याला काय म्हणावे?

आकड्यांत सांगायचे तर, १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात १० च्या आसपास. तेवढ्याच बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या वर लोह असते, पांढऱ्या तांदळात एकही पुरते नाही. मांसमासळी न खाणाऱ्या घराला हे लोह धान्य, डाळी नि पालेभाजीतूनच मिळवायचे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी आढळले. याचे कारण एकटे धान्य नव्हे, हे खरे. परंतु आपल्या घरात सर्वांच्या मागून कोण जेवायला बसते? पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात आणि सकाळची उरलेली पोळी कोणाच्या ताटात जाते? भगवंतांनी ज्याला तामस म्हटले ते अन्न आपण घरच्या लक्ष्मीला नित्य वाढतो आणि वर टाळ घेऊन भजनाला उभे राहतो. जनाबाईबरोबर देव दळायला बसला, हे कीर्तनात ऐकताना आपले डोळे भरून येतात. मग आपल्या घरची जनी काय जेवली, हे विचारायला नको का? तिने सर्वांबरोबर बसावे आणि तिच्या ताटात ताजी भाकरी पडावी. डाळ वा उसळ असावी, वर लिंबाची फोड असावी. लिंबू-आवळ्याने धान्यातले लोह अंगी लागते आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्याला अडवतो. तो तासाभराने घेतला तर काही बिघडत नाही.

भाकरीबरोबर पिठले किंवा आमटी का, याचेही कारण आहे. धान्यातल्या प्रथिनात जे उणे असते ते डाळीत असते, आणि डाळीत उणे ते धान्यात. शाकाहारी माणसाचे ताट या दोघांच्या मैत्रीवर उभे आहे. आपल्या आज्यांनी शास्त्र वाचले नव्हते, पण थालीपिठाची भाजणी ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद आणि धणे भाजून एकत्र दळली. कळण्याच्या भाकरीत तर डाळ नि धान्य एका पिठातच आले. मुले भाकरी खात नाहीत अशी तक्रार असते. बहुधा पीठ जुने असते. पंधरा-पंधरा दिवसांचे दळण आणले की पिठाची विरी जाते, भाकरी फाटते, आणि बाजरीचे पीठ तर कडू होते. आठवड्यापुरतेच दळावे, कढत पाण्यात मळावे, लहान पोरांसाठी तळहाताएवढी थापावी.

एखाद्या घरी मुलाला गहू सोसत नाही. गव्हातल्या ग्लुटेन या चिकट द्रव्याने त्याचे आतडे बिघडते, पोर वाळत जाते. तेथे खपली गहू आणून उपयोग नाही, कारण खपलीतही तेच द्रव्य असते. डॉक्टरांनी निदान केल्यावर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा ही त्याला चालतात. मात्र गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळण टाकू नये.

आता एकादशीकडे वळू. खरी गोम येथेच आहे.

एकादशी म्हणजे अन्नाचा त्याग, हरिनामात दिवस आणि रात्री जागर. आज तिचे काय झाले? सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडे. कोणी म्हणेल, आमच्या वाडवडिलांपासून चालत आले. वाडवडिलांपासून खरे, पण संतांपासून नव्हे! ज्ञानेश्वरी नेवाशास सांगितली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. वास्को द गामाचे जहाज कालिकतला लागले १४९८ साली. बटाटा, भुईमूग, रताळे, मिरची आणि साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कंद, हे सारे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ते त्यानंतरच आपल्याकडे आले. माउलींनी आणि नामदेवरायांनी खिचडी पाहिलीही नव्हती. साबुदाणा झाडाला लागतो असे अजून कित्येकांना वाटते. तो तमिळनाडूत सेलमकडे कंदाचे सत्त्व काढून कारखान्यात गोळ्या करून बनवतात. १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नाही, नुसता पिठाचा साठा.

आणि गंमत पाहा, जिला आपण उपासाची म्हणतो ती वरी गवतकुळातलीच, ज्वारी-बाजरीची धाकटी बहीण. म्हणजे धान्यच. तिला उपासात जागा दिली ती परंपरेने, आणि फार शहाणपणाने दिली. राजगिऱ्याचे मूळही परदेशातले, तो गवतकुळातला नव्हे, पण १०० ग्रॅममध्ये प्रथिन १३ ग्रॅमच्या घरात. शिंगाडा तर आपल्या तळ्यांतला.

हे सारे खुसपटे काढण्यासाठी आम्ही लिहीत नाही. आपल्या वारकऱ्यांत साखरेचा विकार असलेली वडीलधारी माणसे आता घरोघरी आहेत. ती एकादशीस पोटभर खिचडी खातात, रक्तातली साखर भरकन चढते. दुसरे कोणी निरंकार राहतात आणि साखर उतरवणारी गोळी मात्र नेमाने घेतात, मग दुपारी घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन्हींत जिवाला धोका आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे. अशा माणसाने एकादशीच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळी वा इन्शुलिनचे प्रमाण ठरवून घ्यावे. वरीचा थोडा भात, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची एखादी भाकरी, ताक, काकडी, इतके मापात घेतले तर व्रत मोडले असे आम्ही म्हणणार नाही. भाकरीने साखर चढत नाही अशी समजूतही कोणी करून घेऊ नये. तिलाही माप हवेच.

वरी घेतानाही डोळे उघडे असावेत. उपासाच्या दिवसांत भगरीच्या पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. दमट हवेत तिला बुरशी धरते. सुटे, तयार पीठ घेऊ नये. तारीख पाहून बंद पाकिटातली भगर आणावी, निवडून धुवावी, लागेल तेवढीच घरी दळावी, आणि गेल्या उपासाची उरलेली या उपासाला वापरू नये.

दिंडीचालकांना एक विनंती. पायी वारीत ज्येष्ठ वद्य एकादशी वाटेतच येते, आणि माउलींची पालखी बहुधा त्याच दिवशी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडास जाते. मुक्काम लांबचा, चढ उभा, ऊन-पाऊस दोन्ही. अशा दिवशी साठी उलटलेल्या माणसाच्या पोटात सकाळी नुसता साबुदाणा आणि चार कप गोड चहा असतो. त्या दिवशी खिचडीच्या कढईशेजारी वरीचा एक टोप, शेंगदाण्याच्या आमटीची एक बादली आणि राजगिऱ्याच्या लाडवांचा एक डबा ठेवावा. आणि पंगत वाढताना विचारावे की, बाबा, माई, गोळी घेतली का, साखरेची तक्रार आहे का.