घन, अतिघन आणि शेजारधर्म

आपण ज्या खोलीत बसून हा लेख वाचत आहात, तिच्याकडे क्षणभर पाहा. चार भिंती, वर छत, खाली जमीन. या सहा बाजूंच्या पलीकडे कोण राहते, हे आपल्याला ठाऊक आहे का?

फरीदाबादच्या नव्या उंच इमारतींत घरे एकावर एक रचलेली आहेत. वरच्यांची जमीन तेच खालच्यांचे छत. तरीही छतातून पाणी गळले म्हणून एकदा शब्दाला शब्द लागतो आणि मग वर्षानुवर्षे लिफ्टमध्ये कोणी मान वर करत नाही. इतके जवळ असून माणसे इतकी दूर का? जवळीक जागेने ठरते की नात्याने?

गणित काय सांगते

सहा चौरसांनी बंदिस्त झालेल्या आकृतीला आपण घन म्हणतो. आर्यभटाने आपल्या ग्रंथात तिला बारा कडांची म्हटले आहे. बिंदूची जोडी केली की रेषा होते, रेषेची जोडी केली की चौरस आणि चौरसाची जोडी केली की घन. प्रत्येक वेळी कोपरे दुप्पट होतात: 1, 2, 4, 8. ही क्रिया पुढेही चालू ठेवली, तर चौथ्या परिमाणात 16 कोपरे आणि 32 कडा असलेला अतिघन, म्हणजे हायपरक्यूब, मिळतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचे कोपरे मोजता येतात. सहाव्या परिमाणात ते 64 होतात.

आता 64 घरे दोन प्रकारे मांडून पाहू. पहिल्या प्रकारात ती चार-चारच्या थरांत एका मोठ्या घनासारखी रचा. त्यातली 56 घरे बाहेरच्या बाजूला येतात, फक्त 8 आत राहतात. टोकाच्या घराला तीनच शेजारी मिळतात आणि समोरच्या टोकाला निरोप पोचवायला नऊ पावले लागतात. दुसऱ्या प्रकारात तीच 64 घरे सहा परिमाणांच्या अतिघनाप्रमाणे जोडा. आता प्रत्येकाला बरोबर सहा शेजारी आहेत. मधला कोणी नाही, कडेला पडलेला कोणी नाही. सर्वांत दूरचे घरही सहाच पावलांवर, आणि तिथे जाणारे असे जवळचे मार्ग तब्बल 720!

हे केवळ कागदावरचे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक संस्थेत 1980 च्या दशकात 64 छोटे संगणक याच रीतीने जोडून 'कॉस्मिक क्यूब' नावाचे यंत्र बांधले गेले. आपल्या पुण्यात सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली 'परम 8000' उभा केला. त्यामागेही हाच विचार होता: एकट्या बलाढ्य यंत्राऐवजी अनेक लहान यंत्रांनी मिळून काम करायचे.

निरोप्याचा धर्म

अतिघनातले रहस्य नीट पाहा. प्रत्येक शेजारी आपल्यापासून एकाच बाबतीत वेगळा असतो. जो सर्व बाबतींत उलट आहे, त्याच्यापर्यंत उडी मारता येत नाही. पण एकेक फरक ओलांडत, मधल्या शेजाऱ्यांच्या हातून निरोप पोचतो. एक वाट बंद झाली तर दुसरी उघडी असते.

अट मात्र एक आहे. मधल्याने निरोप जसाच्या तसा पुढे द्यायला हवा.

इथेच आपली परीक्षा आहे. दोघांच्या भांडणात आपण मधले असतो, तेव्हा काय करतो? "तो तुमच्याबद्दल असे म्हणाला" हे सांगताना थोडे तिखटमीठ लावतो. किंवा "मला काय त्याचे?" म्हणून गप्प बसतो. वाट बंद होते ती त्या दोघांमुळेच असे नाही. कित्येकदा ती आपल्यापाशी बंद होते.

कोणी म्हणेल, तारेला अपमान वाटत नाही, माणसाला वाटतो. खरे आहे. म्हणूनच यंत्राला जे आपोआप साधते, ते आपल्याला साधनेने साधावे लागते.

फरीदाबादनेच ते एकदा करून दाखवले आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्दीकडून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी इथे नवे नगर वसवले गेले. घरदार गमावलेल्या त्या लोकांनी सहकारी संस्था उभारून, स्वतः राबून आपली घरे बांधली. त्या कामात कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या संघटनेचा हातभार होता. तेथे भिंत उभी राहण्याआधी हाताला हात लागला होता. आज आपल्याला भिंती तयार मिळतात. हात मात्र आपणच पुढे करायचा असतो.

या आठवड्यात एवढेच करून पाहा. ज्यांच्याशी बोलणे थांबले आहे, त्यांच्या दिशेने एक पाऊल टाका. ते जमत नसेल, तर दुसऱ्या कोणाचा चांगला शब्द मीठमसाला न लावता पुढे पोचवा. सहा भिंतींतली एक जरी दार झाली, तरी खोली बंदिस्त राहत नाही.